काळी पट्टी

माझी बायको नीला गेली आणि बँकेने तिचं कार्ड बंद केलं. तरी नौपाड्यातल्या मेडिकलमध्ये गोळ्या घ्यायला गेलो की धम्मपाल ते त्याच्या जुन्या मशीनमध्ये घासायचा. स्क्रीनवर तिचं नाव आलं की म्हणायचा, "काका, काकू आल्या बघा!" मग मी रोख पैसे द्यायचो.

आज नाव आलंच नाही.

"मागच्या काळ्या पट्टीतलं सगळं पुसलं गेलंय, काका. लोहचुंबकाजवळ ठेवलेलंत का?"

"छे रे. तिच्याच पर्समध्ये जपून ठेवलेलं."

"पर्सचं बटण चुंबकाचं आहे का?"



बाहेर निघताना नीला ते खटकन लावायची. तो आवाज ऐकायला मी रोज ती पर्स उघडतो आणि बंद करतो.