तिसरी सुई

हन्ना सिस्टरने बाळंतीण चांगुणाचा गुडघा उचलून धरला आणि वाटीखाली रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही हलला नाही.

"गाढ निजलीय," सासू कडूबाई म्हणाली. "उगा ठोकू नका, बाई. सुई द्या. दोन वाजलं."

पहाटेपासून मॅग्नेशियमच्या दोन सुया झाल्या होत्या. त्यांनीच बाळंतपणात आलेले झटके थांबले होते. तिसरी ट्रेमध्ये भरून तयार होती.

हन्नाने खाटेखालची लघवीची बाटली उचलली. तळ जेमतेम ओला होता. औषध बाहेर पडतच नव्हतं, अंगात साठत होतं. घड्याळ हातात घेऊन तिने श्वास मोजले. मिनिटाला फक्त नऊ.

"भागूबाई, पळा!" तिने आयाला हाक मारली. "डॉक्टरीणबाईंना म्हणावं, गुडघा उडत नाही, श्वास नऊ."

कडूबाईने ट्रे पुढे ढकलला. "आन् सुई?"

"द्यायची नाही. गुडघा उडत नाही म्हणजे औषध जास्त झालंय. आता दिली तर श्वास थांबेल."

"आन् झटकं आलं मंजी? तिसगावापासनं जीपमदी मी धरलंय तिला. दातात जीभ आल्ती. तुमी हुता का तवा?"

"नव्हते."

"मंग द्या की!"

हन्नाने सुई उचलली आणि मोरीत रिकामी केली.

डॉक्टरीणबाई ऑपरेशनचा डगला अंगावर तसाच ठेवून आल्या. "कॅल्शियम," एवढंच म्हणाल्या. हन्नाने मॅग्नेशियमवरच्या त्या उताऱ्याची काचेची कुपी फोडली. डॉक्टरीणबाई शिरेतून औषध अगदी हळू सोडू लागल्या. हन्ना मोजत राहिली. नऊ. दहा. पुन्हा नऊ. पाळण्यातलं पोर रडलं, आईची पापणी लवली नाही. कडूबाई दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

बारा. चौदा.

हन्नाने हातोडी घेतली, क्षणभर डोळे मिटले आणि मारली.

चांगुणाचा पाय ताडकन उडाला आणि वाकलेल्या हन्नाच्या पोटात बसला.

"अगं भवाने, सिस्टरला लाथ मारती?" कडूबाई धावली. एका हाताने तिने सुनेचा पाय दाबून धरला, दुसरा हन्नाच्या पायाला लावला. "पदरात घ्या, बाई. सुदीत न्हाई ती."

"तिचा पाय सोडा, मावशी," हन्ना म्हणाली. "तिला अजून एक मारू द्या."