वाकड्या मानेची सुरई

या, असे जवळ सरकून बसा. एका लेकीची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण मनातून लवकर जायची नाही.

डॉक्टरांनी वडिलांच्या कपाळाचा एक्स-रे फोटो उजेडावर धरला आणि भुवयांच्या मधोमध बोट ठेवलं. "इथे कपाळाच्या हाडात पोकळी असते. तिच्यात हाडाचीच गाठ वाढलीय. साधी आहे, कर्करोग नव्हे. अशी गाठ घेऊन माणसं जन्म काढतात."

आईने डोळे मिटून हात जोडले. वडील हसले. हल्ली ते कशालाही हसत.

वडील काचेचे कारागीर. वितळलेल्या काचेचा गोळा लांब नळीच्या टोकाला घ्यायचा आणि फुंकून फुगवायचा, हे त्यांनी जन्मभर केलं. गल्लीत त्यांना तोफ म्हणत. वस्तूत केसाएवढी खोट दिसली, की ती परत भट्टीत. लेक त्यांच्याच हाताखाली तयार झाली. तिच्या वाट्याला तोफेचे गोळे आले, शाबासकी कधी आली नाही.

गेल्या वर्षापासून मात्र तोफ थंडावली. कपाळ दुखायचं, तरी माणूस शांत. आई म्हणाली, देव पावला. लेकीचं काम हातात घेऊन वडील म्हणू लागले, "सुरेख." पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी ती भट्टीकडे तोंड करून रडली, कुणी विचारलंच, तर धग लागली म्हणता आलं असतं. येत्या सोमवारी ते भट्टी तिच्या हाती सोपवणार होते. कारागिरांना तसं सांगूनही झालं होतं.

एकच गोष्ट तिने कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. मध्यंतरी तिने मुद्दाम एक सुरई वाकड्या मानेची केली, ठेवली तर कलंडेल अशी. वडिलांनी ती उजेडात धरली, चहूबाजूंनी फिरवली आणि म्हणाले, "सुरेख."

"तूर्त नुसती नजर ठेवू," डॉक्टर म्हणाले. "पण हा फोटो नाक-कपाळापुरताच आहे. गाठीने मागची भिंत फोडली असेल, तर मेंदूला धोका. मग थांबून चालत नाही. फिट येणं, उलट्या, स्वभावात बदल, असं काही?"

"बदल आहे की," आई म्हणाली. "माणसाळलेत. लग्न झाल्यापासून मी देवाकडे हेच मागत होते."

"बायकोने जन्मात पहिल्यांदा कौतुक केलं," वडील म्हणाले. "लिहून घ्या, डॉक्टर."

सगळे हसले. डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी लिहायला घेतली. लेक गप्प राहिली, तर सोमवार तिचाच होता. बोलली, तर वर्षभर मिळालेला एकेक 'सुरेख' हातचा जाणार होता.

"डॉक्टर," ती म्हणाली, "बाबा माझ्या कामाला चांगलं म्हणतात."

"अगं, ही काय तक्रार झाली?" आई म्हणाली.

"धड उभी न राहणारी सुरई केली, तर तीही सुरेख म्हणाले. माझ्या बाबांनी सुरईबरोबर मलाही भट्टीत घातलं असतं."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्याच दुपारी सबंध डोक्याचा फोटो निघाला. गाठीमागचं हाड फुटलं होतं. नळी फुंकताना दर वेळी नाकाच्या वाटेने, त्या फटीतून थोडी हवा कवटीत शिरत होती आणि मेंदूच्या पुढच्या भागाला दाबत होती. माणसाचा राग आणि पारख, दोन्ही तिथेच राहतात. आणखी थोडे दिवस फुंकत राहिले असते, तर जिवावर बेतलं असतं.

शस्त्रक्रिया झाली, वडील वाचले. घरी आल्यावर त्यांनी फळीवरचं लेकीचं वर्षाचं काम एकेक करून पाहिलं. गल्लीच्या टोकापर्यंत आवाज जात होता. शेजारी उभी राहून लेक बोलणी खात होती आणि हसत होती.

देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या लेकीची आठवण असू द्या. जन्मभर जे मागितलं ते तिला मिळालं होतं, आणि बाप हवा म्हणून तिने ते परत केलं.