काकाचं कोपर

घंटा एकदाच वाजली आणि लझहरचा हात लाल खटक्यावर जाऊन थबकला.

“एकच ना?” मागून उमैमाने विचारलं.

“एकच. काकाचं कोपर, दुसरं काय!”

स्फाक्स बंदरात हा कायदा सगळ्यांना पाठ होता. खमाइसकाका गव्हाच्या उंच कोठीत उतरून घट्ट झालेला थर फोडायचा. तळाचा पट्टा गहू ओढत असायचा. पाय रुतला तर काकाने शेजारी तारेला लटकणारं बटण तीनदा दाबायचं, लझहरने लाल खटका दाबून पट्टा थांबवायचा. एकदाच वाजली तर कोपर लागलं समजायचं. त्या कोपराची कीर्ती पार गाबेसपर्यंत. एका लग्नात ते नवरीला लागलं, ती अजून तिरकी बघते म्हणत.

आठवड्यापूर्वी घंटा वाजवणारं यंत्र बदललं आणि कोपर फारच लागायला लागलं. घंटा एकदा वाजे, मग कोठीतून शिव्या घुमत येत. शब्द कळत नसत, ताल कळे. लझहर पोट धरून हसे. संध्याकाळी काका छातीपर्यंत धुळीने पांढरा होऊन बाहेर येई आणि लझहरच्या हातचा चहा न घेता निघून जाई. म्हातारा म्हणून चिडवलं, त्याचा राग असेल, असं लझहरला वाटे.

“आज शिवी आली नाही,” लझहर म्हणाला. हात खटक्यावरच.

“दमले असतील. लझहरभाई, पट्टा थांबला तर पुन्हा सुरू व्हायला दुपार होईल. मग जहाजाच्या कप्तानाच्या शिव्या खा. तीन दाबल्या तर तीन वाजतील. माझं यंत्र घंटा खात नाही.”

त्याने हात काढला.

जुना संगणक मोडीत गेला तेव्हा उमैमानेच त्याचा सगळा कारभार नव्या यंत्राच्या पोटात वसवला होता. तिथे अशा बऱ्याच जुन्या संगणकांचे कारभार पाहुणे म्हणून पाळीपाळीने चालत. प्रत्येकाला वाटे, घर आपलंच. बाहेरची हाक आधी यजमान यंत्र घेई. पाहुण्याची पाळी आली की आत पोचवी.

दुपारी काकाचा देह गव्हातून काढला. बटण तुटून मुठीत आलं होतं. अंगठ्याचं नख जागेवर नव्हतं.

“एकच वाजली हो, एकच!” लझहर येईल त्याला सांगत होता. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

उमैमा कोठीवर चढली. बटणाच्या उघड्या तारा तिने झटपट तीनदा टेकवल्या.

“किती?” तिने वरून ओरडून विचारलं.

“एक!”

पुन्हा तीनदा.

“एक!”

ती खाली आली.

“पाहुण्याची पाळी नसली की यजमान दारावर चिठ्ठी लावतो, कोणीतरी आलंय म्हणून. तेवढ्यात दुसरी हाक आली, तिसरी आली, तरी चिठ्ठी तीच. आत एकच पोचते. मीच लिहिलंय तसं. सगळे तसंच लिहितात. हा पाहुणा घंटा मोजतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.”

“यंत्र बसवल्यापासून हे असंच?”

तिने होकारार्थी मान हलवली.

लझहर लाल खटक्याकडे वळला.

“म्हणजे त्या शिव्या कोपराला नव्हत्या गं, पोरी. मला होत्या.”