मोठ्या हातचा घास

शहजादीने आज तिसऱ्या दिवशीही ताट बाजूला सारलं.

घावणे छान जाळीदार झाले होते, कोंबडीचा रस्सा वाफाळत होता, आणि अजरा रडकुंडीला आली होती. आखातातल्या गुदैबिया भागातल्या या फ्लॅटमध्ये ती नऊ वर्षं स्वयंपाक करत होती. शहजादी म्हातारी, त्यात साखरेचा आजार. तीन दिवस नुसत्या दुधावर. डॉक्टरने सकाळीच बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत जेवली नाही तर सरळ ॲडमिट करा.

बिल्डिंगमधले तिला चेष्टेने शहजादी म्हणत, पण ती खरोखरच होती. आफ्रिकेतल्या एका बुडालेल्या बादशाही घराण्यातलं सातवं, शेवटचं मूल. नाव मेक्देस. त्या घराण्याची रीतच अशी, की धाकट्याने पहिला घास आपल्या हाताने घ्यायचा नाही, थोरल्याने भरवायचा. भावंडं एकेक करून गेली. उरली होती एक बहीण, तीही लंडनला. रोज दुपारी ती व्हिडिओ कॉलवर घास कॅमेऱ्यापुढे धरायची, मग ही इकडे जेवायची. सोमवारी ती बहीणही गेली.

"एकच घास, मॅडम. माझ्यासाठी." अरबी-हिंदीची खिचडी करत अजराने हात पुढे केला.

शहजादीने तो हळूच खाली केला. "तू माझ्या लेकीसारखी. लहानाच्या हातून कसा घेऊ? माझ्याहून मोठं आता कुणी उरलंच नाही गं." आणि ती पोरीसारखी रडायला लागली. अजराला बघवेना.

सोफ्यावर अजराची आई तसबीहचे मणी ओढत बसली होती. रत्नागिरीहून व्हिजिट व्हिसावर आलेली. घरी एकटी नको म्हणून अजराने सोबत आणलेली. तिला यातलं अक्षर कळलं नव्हतं.

"काय झाला गो? जेवत का नाय ही?"

अजराने सगळं सांगितलं.

"वय काय हिचा?"

"अठ्ठ्याहत्तर."

"या अल्ला! आणि मी एक्याऐंशीची हितं बसलेय ती काय शोभेला?" म्हातारी गुडघे धरत उठली. हात धुऊन आली, खुर्ची ओढली आणि घावण्याचा तुकडा रश्शात बुडवला.

"अम्मी, जरा सांभाळून. बादशहाची मुलगी आहे ती."

"असंल. पोट तर सगळ्यांना सारखाच." तिने घास शहजादीच्या तोंडाशी नेला. "आ कर."

"अम्मी तुमच्याहून तीन वर्षांनी मोठी आहे," अजरा घाईघाईने म्हणाली.

शहजादी त्या मेंदी लावलेल्या, सुरकुतल्या बोटांकडे बघत राहिली. रस्सा टपटप ताटात गळत होता. अम्मीचा हात मागे गेला नाही. शेवटी शहजादीने डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

घास उतरला तसा ठसका लागला. अम्मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि आपली भाषा हिला कळते की नाही याची फिकीर न करता तिने दटावलं, "सावकाश गो, शेंडेफळ! कोण हिसकून नेत नाय तुझा घास."

अजरा अर्थ सांगायला वळली, तर शहजादी दुसऱ्या घासासाठी तोंड उघडून बसली होती.