रसीलाबेनचं मामेरं

लेकीच्या लग्नातलं मामेरं, म्हणजे मामाकडचा आहेर, घ्यायला रसीलाबेन पाटावर बसल्या. समोरचा पाट रिकामाच होता. तिथं त्यांच्या भावानं बसायचं. मामानं आणलेलं पानेतर, लग्नाची साडी, नेसूनच मुलगी लग्नाला उभी राहते. राधनपुरात ही रीत कुणी मोडत नाही.

"भाभी, अजून कुणाची वाट बघताय?" नणंद पद्माबेन म्हणाली. "तिकडे नवरदेवाचा वरघोडा निघालासुद्धा. बाजारातून आणलंय ना पानेतर? तेच नेसवा. मामा असून नसल्यासारखाच."

"असं बोलू नये," एक म्हातारी म्हणाली. "महाराजसाहेब आहेत ते. पुण्यवान घर!"

रसीलाबेननी मान डोलावली. लेक कृपाली रांगत होती तेव्हापासून त्या हेच ऐकत होत्या. त्यांच्या एकुलत्या भावाचं, सेवंतीचं, लग्न ठरलं होतं, कंकोतऱ्या, म्हणजे लग्नपत्रिका, वाटून झाल्या होत्या. आणि लग्नाचा वरघोडा निघायचा तिथं त्याच्या साधूदीक्षेचा निघाला. गावानं जयजयकार केला. रसीलाबेनना मात्र त्या दिवसापासून राखी बांधायला हात उरला नाही. लेकीचं लग्न ठरल्यावर त्या साधूंच्या उपाश्रयात त्याच्या वंदनाला गेल्या. महाराजांनी साऱ्यांना देतात तसाच 'धर्मलाभ' असा आशीर्वाद दिला आणि नजर पोथीकडे वळवली. त्यांचंही चुकलं नव्हतं. साधूनं संसारात पडायचं नसतं.

आणि जिच्याशी त्याचं लग्न ठरलं होतं, त्या भानुमतीला तोंड दाखवायचं धाडस रसीलाबेनना पुन्हा झालं नाही. ती पुढे लग्न होऊन डीसा गावी गेली, एवढंच कानावर आलं होतं. कृपालीची कंकोतरीसुद्धा त्यांनी तिला धाडली नव्हती.

म्हणून मांडवाच्या दारात भानुमती दिसली तेव्हा त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मागे तिचा नवरा रमणीकभाई होता, हातात झाकलेलं भलंमोठं ताट घेऊन.

"बिनबोलावता?" पद्माबेन कुजबुजली.

रसीलाबेन उठून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं मनात ठेवलेलं ही आज चारचौघांत बोलणार, असंच त्यांना वाटलं. त्यांनी हात जोडले. "भानु, आमच्या घरानं तुझं..."

"बस खाली," भानुमती म्हणाली आणि स्वतः रिकाम्या पाटावर बसली. ताटावरचं वस्त्र तिनं बाजूला केलं. लाल काठाचं पांढरंशुभ्र पानेतर होतं, वर चुडा, नारळ. "तुझ्या माहेरी मी सून म्हणून यायची होते. आले नाही. म्हणून काय तुला माहेरच नाही?"

कुंकवाची वाटी हातात घेऊन रसीलाबेन रमणीकभाईंकडे वळल्या, भावाला लावायचा टिळा लावायला. ते हसत मागे सरले.

"मला कशाला? मी नुसती गाडी चालवली. वाटभर हीच घाई करत होती, लवकर हाका म्हणून. लावायचा तर हिला लावा."

रसीलाबेननी भानुमतीच्या कपाळाला टिळा लावला. थोडं कुंकू नाकावर सांडलं, आणि दोघी हसता हसता रडू लागल्या.

पानेतर नेसून कृपाली पाया पडायला वाकली. "आई, यांना काय म्हणू?"

भानुमतीनं तिला उठवून जवळ घेतलं.

"मामी म्हण गं. तेवढं एक ऐकायचं राहून गेलं होतं."