मूठभर कोंडा

“आईलाच विचारा ना,” केसरीनाथ म्हणाला आणि त्याने राहीबाईसाठी स्वतः खुर्ची पुढे ओढली.

राहीबाई खुर्चीवर बसली नाही. भिंतीला टेकून खालीच बसली. निजामपुऱ्यातल्या या माडीवर वकिलांचं ऑफिस होतं आणि खाली, शेजारी, समोर सगळीकडे कापड विणणारे लूम. दार लावलं तरी खडखडाट आत यायचा. इथे माणसाला आपलं गुपितही ओरडूनच सांगावं लागे.

वकील होते जमीन घेणाऱ्या शेटचे. शेटला शेलार गावातल्या यांच्या शेतात लूमची शेड घालायची होती, म्हणून त्यांनी घराण्याची वंशावळ मागितली होती. केसरीनाथ ठाण्याला कारकून. त्याला हे काम फारच आवडलं. कोर्टाच्या दप्तरखान्यातून त्याने बापाचं, आज्याचं, थेट पणज्याचं मृत्युपत्र शोधून काढलं. पणज्याने होडी कुणाला ठेवली, आज्याने कुठल्या सुनेला दागिने दिले नाहीत, हे सगळं तो घरी चवीने वाचून दाखवायचा. मेलेली माणसं त्याला भारी प्रिय झाली होती. जिवंत भावाशी मात्र तो बोलेनासा झाला होता.

त्याला कारण बापाच्या मृत्युपत्रातली दोन वाक्यं. ‘शेत माझ्या पोटच्या मुलांनी सारखे वाटून घ्यावे.’ आणि त्याखाली, ‘कोंडू, जो मूठभर कोंड्यावर विकत घेतलेला आहे, त्याने आईस अंतर देऊ नये.’

“विकत घेतलेला पोटचा कसा?” केसरीनाथचा प्रश्न एवढाच होता. तो कायद्याने बोलत होता, म्हणजे अगदी शांतपणे.

कोंडू दाराशी उभा होता. हा थोरला, चाळिशी उलटलेला, बाप गेल्यापासून ते शेत एकट्याने कसणारा. त्याला विकायचं नव्हतं. अर्धं शेत राहिलं तरी त्याच्या घरात चूल पेटणार होती. सगळं गेलं तर कामतघरला कुणाच्या तरी लूमवर रात्रीची शिफ्ट धरावी लागणार होती. तरी तो घाबरलेला नव्हता. उलट त्याला हसू येत होतं.

“सायेब, आख्ख्या शेलारला ठावं हाय,” तो म्हणाला. “माज्या आदी तीन पोरं झाली नि गेली. म्हून मी झालो तवा आयेनं मना टोपलीत घालून शेजारच्या रंगूबाईला देऊन टाकला. मंग मूठभर कोंडा देऊन इकत घेतला. पोरं नेनाऱ्या सटवीला वाटावं, ह्ये परक्याचं पोर हाय. नावबी तेच ठेवलं. बापानं कागदावरबी तेच लिवलं. इचारा आयेला.”

वकिलांना जास्त सांगायची गरज नव्हती. त्यांच्या एका मामाचं नाव दगडू होतं. चष्मा पुसत ते म्हणाले, की एकुलत्या मुलाला कुणी ‘वाटून घ्या’ असं लिहीत नाही. पण जन्माची नोंद कुठे नाही, रंगूबाई वारली, आणि आई हयात असताना गावाची साक्ष कोण धरणार? आईने एक शब्द सांगितला की झालं. दोन वारस लागतील आणि कोंडूच्या सहीशिवाय शेत विकता येणार नाही.

यावर केसरीनाथने हरकत घेतली नाही. सकाळी आईला टांग्यात घालून आणलं होतं तेही त्यानेच.

“आजी,” वकिलांनी विचारलं, “हा कोंडू तुमच्या पोटचा ना?”

राहीबाईने कोंडूकडे पाहिलं. उभ्या जन्मात तिने त्याला ‘बाळा’ म्हणून हाक मारली नव्हती. ‘रंगूच्या, जेवून घे.’ ‘रंगूच्या, थंडी हाय, आंगावर घे.’ लहानपणी तो तापाने फणफणला तेव्हा ती उशाशी बसून राहिली, स्वतः पाण्याचा घोटही घेतला नाही. पण कपाळावरची घडी बदलताना ‘रंगूचा पोर, रंगूचा पोर’ असंच पुटपुटत होती. गावातल्या बायका हसायच्या. कोंडूही हसायचा. केसरीनाथ हे सगळं बघतच मोठा झाला होता.

तिचे ओठ हलले.

“जरा मोठ्यानं, आजी. ऐकू येत नाही.”

राहीबाईने दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, वर आढ्याकडेही पाहिलं. मग ती ओरडून म्हणाली, “माजा न्हाय. रंगूचा हाय. कोंडा देऊन घेतलाय.”

“आये,” कोंडू म्हणाला, “आता तरी खरं सांग गो. हितं कोन हाय ऐकनारं?”

“सांगितलं ना. इकत घेतलाय.”

कोंडूचं हसू विझलं. इतकी वर्षं त्याला ते सगळं लाडाचं वाटत आलं होतं. आता वाटलं, आपणच खुळे, ही बाई पहिल्यापासून खरंच सांगत होती. त्याने वहाणा पायात घातल्या आणि जिना उतरला. पुढे तो पुष्कळ जगला, पण तिला पुन्हा आये म्हणाला नाही.

केसरीनाथने मृत्युपत्राच्या नकलेची घडी घालून ती पिशवीत ठेवली. त्याने आईला खोटं बोलायला शिकवलं नव्हतं. शिकवावं लागणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

राहीबाई उठून खिडकीशी गेली. खाली कोंडू सुताच्या हातगाड्यांतून वाट काढत चालला होता. रागाने का होईना, ताठ चालत होता. तो वळणाआड होईपर्यंत ती बघत राहिली.

वकील तिच्याजवळ आले. “आजी, पोराचं शेत गेलं. असं का बोललात?”

तिने त्यांना खाली वाकायची खूण केली आणि त्यांच्या कानाशी, त्या खडखडाटात जेमतेम ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली,

“आदीची तिन्ही मी माजीच म्हनली व्हती.”