पाचशेरीची आंघोळ

वजनमापांच्या इन्स्पेक्टरने एका पारड्यात आपलं पाच शेरांचं पितळी वजन ठेवलं, दुसऱ्यात दुकानदार चुनीलालची लोखंडी पाचशेरी. चुनीलालचं पारडं खाली गेलं.

नंदुरबारच्या बाजारात असं कोणी पाहिलं नव्हतं. साहेब निघाला होता हलकी वजनं पकडायला, आणि सापडलं जड. भोवतीचे लोक खो खो हसले. चुनीलालने घाम पुसला आणि छाती काढली.

"जड शे ना, साहेब? गिऱ्हाइकले मी जास्तच देस."

"जड असो की हलकं, खोटं ते खोटंच." इन्स्पेक्टरने पाचशेरी उलटी केली. "आणि सरकारी शिक्का कुठे आहे?"

तळाला शेंदूर होता. दर दिवाळीला तेलात कालवून थापलेला, पाच दिवाळ्यांचा, बोटभर जाड. बाजूंनाही तोच. लोखंड नखाएवढं दिसेल तर शपथ.

"खाले शे शिक्का. पन खरवडू नका, साहेब. लक्ष्मी शे ती. तिले आम्ही धोत नही."

"दिसत नाही म्हणजे नाही. वजन जप्त. नव्या वजनावर शिक्का मारून आणेपर्यंत दुकान बंद."

दुकानाच्या पायरीवर मोतीबाई बसली होती. दरवर्षीसारखी तोरणमाळहून चारोळी घेऊन उतरलेली, बदल्यात मीठ घेऊन पुन्हा तो चढ चढायचा होता. साहेब येण्याआधीच तिची चारोळी मोजून झाली होती. पाच शेर काही भरेनात, म्हणून चुनीलालने तिच्याकडून आणखी तीन मुठी टाकून घेतल्या होत्या. चारोळी सुपात होती. मीठ अजून मिळायचं होतं. दुकान बंद म्हटल्यावर ती उठून उभी राहिली.

चुनीलालचा आवाज एकदम मऊ झाला. त्याने तेच सूप पुढे ओढलं. "साहेब, घर लहान पोरे व्हतीन. ताजी चारोळी शे, थोडी..."

"बा, चारोळी देशी तं शिक्का नही असंच व्हई."

ही जमना, त्याची मुलगी. सातवीत होती. शाळेतून परस्पर आलेली, दप्तर अजून काखेत. बापाने डोळे वटारले, पण तिचं लक्षच नव्हतं. ती इन्स्पेक्टरकडे वळली आणि शाळेतल्या शुद्ध मराठीत म्हणाली, "साहेब, न बघताच नाही कसं म्हणता? आधी बघा, मग जप्त करा."

इन्स्पेक्टरने मिशीवरून बोट फिरवलं. "दाखव."

जमनाने दप्तर टाकलं, पाण्याचा तांब्या घेतला, रस्त्यावरचा एक दगड उचलला आणि पाचशेरी मांडीवर घेऊन घासायला बसली.

"जमने, लक्ष्मी शे ती!" चुनीलाल ओरडला.

"वरीसमा एक आंघोळ लक्ष्मीले बी लागस ना, चुनीभाऊ," शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातून चांदबी म्हणाली. लोक पुन्हा हसले.

शेंदराची ढेकळं पडली. केशरी पाणी पायरीवरून वाहत मोतीबाईच्या पायांशी गेलं. तळाच्या खळग्यात भरलेलं शिसं चमकलं, आणि शिशात खोल उमटलेला शिक्का. इन्स्पेक्टरने वजन पुन्हा तोललं. दोन्ही पारडी सारखी. "पुन्हा थापू नका," एवढंच म्हणून तो पुढच्या दुकानाकडे गेला.

चुनीलालचा चेहरा उजळला. "वा, मन्ही वाघीण! दुकान वाचाडं." तो मिठाच्या पोत्याकडे वळला.

"थांब, बा. मोतीबाईनी चारोळी परत मोजू."

"ती तं मोजायेल शे."

"कशावर मोजी?"

जमनाने घासलेली पाचशेरी एका पारड्यात टाकली, दुसऱ्यात सूप ओतलं आणि तराजू उचलला. चारोळीचं पारडं धप्पकन खाली बसलं.

"साहेब गया ना आते," चुनीलाल दबक्या आवाजात म्हणाला. "कसाले लोकंसमोर..."

"साहेबसाठे नही."

तिने मोतीबाईला खुणावलं. मोतीबाईने पारड्यातून एक मूठ काढली. मग दुसरी. तिसऱ्या मुठीला दांडी सरळ झाली. चांदबीचं हसणं थांबलं होतं.

मोतीबाईने तिन्ही मुठी पदरात बांधल्या, गाठ दातांनी घट्ट केली. पण मीठ मागितलं नाही. पायरीवर पुन्हा ऐसपैस बसली आणि चुनीलालकडे बघून म्हणाली, "आनि मांगल्या पाच दिवाळीन्या मुठी?"

चुनीलालने जमनाकडे पाहिलं. हातानेच तराजू खाली ठेवायची खूण केली.

जमनाचे हात कोपरापर्यंत केशरी झाले होते. तिने तराजू खाली ठेवला नाही.